जुन्या मोटारीचे ब्रेक : जुळणीच्या प्रश्नाचा आढावा

ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदल्या गेलेल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली, आणि १९६४ सालच्या फियाट डिलाइटपासून मुंबईच्या रस्त्यांवर अव्याहत राबत आलेल्या एका मोटारकुळाची चाकरी कायद्याने संपुष्टात आली. त्या प्रसंगी हळहळ पुष्कळ व्यक्त झाली. परंतु त्यातून उद्भवणाऱ्या एका व्यावहारिक प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. टॅक्सी म्हणून धावणारी पद्मिनी वरचेवर कोणा ना कोणा मिस्त्रीच्या हाताखालून जात असे, तिचे लायनर झिजत आणि बदलले जात, तिच्या ब्रेकची रबरे आणि तेल निरुपायाने का होईना पण नवी होत. हौशी संग्राहकाच्या घरी आलेली तीच मोटार वर्षातील बहुतेक काळ आच्छादनाखाली उभी राहते, आणि ज्या यंत्रणेवर तिच्यात बसणाऱ्यांचे व रस्त्याने चालणाऱ्यांचे प्राण अवलंबून असतात ती यंत्रणा धावण्यापेक्षा उभे राहण्यानेच अधिक नासते. जुन्या मोटारीच्या ब्रेकची जुळणी हा म्हणून केवळ सुटे भाग विकत आणून बसविण्याचा मामला नाही. काय जसेच्या तसे राखावे, काय निर्दयपणे टाकून द्यावे आणि कोठे मूळ रचनेत फेरफार करण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो, या तिन्ही बाबतींतील विवेकाचा तो प्रश्न आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न ज्या मोटारींच्या संदर्भात उद्भवतो त्यांत अर्थातच कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांचा भरणा मोठा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने प्रथम डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी केली, पुढे फियाटशी करार केला, आणि १९५४ पासून फियाट ११०० हे नाव मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांच्या परिचयाचे झाले. पद्मिनी हे नाव १९७४ चे. हिच्या जोडीला उत्तरपाड्याची अँबॅसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. या सर्वांचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे असल्याने त्यांची मूलतत्त्वे समान आहेत. संस्थानिकांच्या पागांमधून आलेल्या त्याहून जुन्या गाड्यांचा न्याय मात्र वेगळा : ऑस्टिन सेव्हनचे ब्रेक तारांवर चालतात, फोर्डने १९३९ पर्यंत दांड्या-तारांचा आग्रह सोडला नाही, आणि रोल्स-रॉइसने चार चाकांच्या ब्रेकसाठी गिअरबॉक्सच्या गतीवर चालणारी जी सहायक यंत्रणा हिस्पानो-सुइझाच्या धर्तीवर स्वीकारली, तिची जुळणी हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. प्रस्तुत लेखाची मर्यादा तेलाच्या ब्रेकपुरती.

या यंत्रणेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. हर्बर्ट फ्रूड याने इंग्लंडात १८९७ साली घर्षणपट्ट्यांचा उद्योग आरंभिला, ज्यातून फेरोडो हे नाव जगभर गेले. १९०२ साली लुई रेनोने ड्रम ब्रेकला आणि त्याच वर्षी फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकला रूप दिले. माल्कम लॉकहीड याने १९१७ साली तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट मिळविले आणि १९२१ च्या ड्युसेनबर्ग मोटारीत ते चारही चाकांना लागले. त्यानंतर तीस वर्षे ड्रमचेच राज्य होते. १९५३ साली ल मांची चोवीस तासांची शर्यत डनलॉपच्या डिस्क ब्रेकने सज्ज असलेल्या जॅग्वार सी-टाइपने जिंकली आणि ड्रमचे आयुष्य ठरल्यासारखे झाले. परंतु आपल्याकडील गाड्यांपर्यंत ती वार्ता पोहोचायला आणखी काही दशके लोटली, आणि म्हणूनच आज जीर्णोद्धारासाठी येणारी बहुतेक भारतीय मोटार ही चारही चाकांना ड्रम असलेली मोटार असते.

तेलाच्या ब्रेकचे मर्म एका साध्या गणितात आहे, आणि ते गणित ज्याने समजून घेतले नाही त्याने या यंत्रणेला हात लावू नये असे मी निश्चयपूर्वक म्हणतो. चालकाने पॅडलवर चाळीस किलोंचा भार दिला आणि पॅडलच्या दांड्याने तो पाचपट केला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर दोनशे किलोंचा जोर येतो. सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर असेल तर तेलात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सत्तर किलोंचा दाब उत्पन्न होतो, आणि तोच दाब प्रत्येक व्हील सिलिंडरमध्ये जाऊन २२ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याला अडीचशे किलोंहून अधिक बळाने शूवर ढकलतो. आता मूळचा मास्टर सिलिंडर मिळत नाही म्हणून दुकानदाराने ‘हाही बसतो’ असे सांगून त्याच भोकांत बसणारा २२ मिलिमीटरचा सिलिंडर दिला, तर पॅडल पायाला कडक आणि आश्वासक लागते, मालकाचे समाधान होते, पण तेलातील दाब मात्र पाव हिश्शाने घटलेला असतो. भाग बसला याचा अर्थ भाग जुळला असा होत नाही. सिलिंडरांचे व्यास, पॅडलच्या दांड्याचे प्रमाण, पुढच्या आणि मागच्या चाकांतील दाबाची वाटणी हे सर्व एकाच हिशेबाचे आकडे आहेत, आणि त्यांतील एक आकडा बदलला की सर्व हिशेब नव्याने मांडावा लागतो.

दुसरे गणित उष्णतेचे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एकदा थांबविताना जेवढी ऊर्जा ड्रममध्ये उष्णतारूपाने उतरते, तिच्या तीसपटीहून अधिक ऊर्जा खंडाळ्याहून खोपोलीस उतरताना, म्हणजे सुमारे पावणेपाचशे मीटरांच्या उतारात, मोटारीच्या वजनातून मोकळी होते. खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाने ती अडवली तर गोष्ट निराळी. गिअर सुटा करून पेट्रोल वाचविण्याच्या खोट्या काटकसरीत जो चालक निव्वळ ब्रेकवर उतरतो, त्याच्या ड्रमचे तापमान वाढत जाते, लायनर चकाकून त्याची पकड सुटते, ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, आणि तेल जुने असेल तर ते व्हील सिलिंडरमध्ये उकळू लागते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्या क्षणी पॅडल एकाएकी तळाशी जाते आणि घाटाखालच्या गाडीतळावर हताश उभ्या असलेल्या मोटारीभोवती ‘ब्रेक फेल झाले’ एवढेच वाक्य ऐकू येते. वस्तुतः ब्रेक त्या दिवशी निकामी झालेले नसतात; वर्षानुवर्षे तेल न बदलण्याची दिरंगाई त्या दिवशी उघड झालेली असते.

तेल आणि रबर या दोन नाशवंत वस्तूंपाशी म्हणून थोडे थांबले पाहिजे, कारण जुन्या मोटारीच्या ब्रेकमधील बहुसंख्य बिघाडांचे मूळ तेथेच सापडते. नेहमीचे ब्रेकचे तेल हे ग्लायकॉल जातीचे रसायन असून हवेतील ओलावा शोषून घेणे हा त्याचा धर्म आहे. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ आहेत. कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या पावसाळी हवेत हे पाणी किती निमूटपणे शिरते याची कल्पना ज्याने रत्नागिरीत किंवा पणजीत लोखंडी वस्तू सांभाळली आहे त्याला सहज येईल. हे पाणी नुसता उत्कलनबिंदू खाली आणत नाही. ते सिलिंडरच्या बिडाला आतून गंज आणते, त्या गंजाच्या खड्ड्यांवरून रबरी वायसर घासतो, फाटतो, आणि गळती सुरू होते. सिलिकोनचे डॉट ५ तेल पाणी शोषत नाही आणि रंगालाही इजा करीत नाही, म्हणून प्रदर्शनी मोटारींचे मालक त्याकडे वळतात. परंतु शिरलेले पाणी त्यात विरघळत नसल्याने ते थेंबरूपाने सर्वांत खालच्या सिलिंडरमध्ये साचून तेथेच गंज आणते, हवेचे बारीक बुडबुडे त्यातून सहजी निघत नाहीत, आणि ग्लायकॉलच्या तेलाशी त्याचा संकर कदापि चालत नाही. आमच्या हवामानासाठी माझी शिफारस स्पष्ट आहे : चांगल्या प्रतीचे डॉट ४ तेल वापरावे आणि दर दोन वर्षांनी, पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याला मोटारीची पूजा करण्यापूर्वी ते पूर्णपणे बदलून टाकावे. डबी एकदा फोडली की उरलेले तेल पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. हा नियम ग्लायकॉलच्या तेलावर चालणाऱ्या गाड्यांचा. सित्रोएनसारख्या ज्या मोटारींना खनिज तेल लागते त्यांत डॉटचे तेल घालणे म्हणजे सर्व रबरांचा एकदम नाश करणे होय, आणि याच्या उलट केले तरी परिणाम तोच.

रबराचे आयुष्य किलोमीटरांत मोजता येत नाही, ते पंचांगात मोजावे लागते. बाजारात ‘ओरिजिनल, पेटीपॅक’ म्हणून जो जुना माल अभिमानाने दाखविला जातो त्याविषयी म्हणूनच सावध राहावे : तीस-चाळीस वर्षे पेटीत पडून राहिलेल्या मास्टर सिलिंडरचे ओतकाम अमोल असेल, पण त्याच्या आतील वायसर त्याच पेटीत म्हातारे झालेले असतात. असा सिलिंडर मिळाला तर तो जरूर घ्यावा, उघडावा, आतील रबरे टाकून नवे किट घालावे, आणि बसविताना दट्ट्याला व वायसरला केवळ ब्रेकचे तेल किंवा रबरासाठीचे तांबडे ग्रीज लावावे. इंजिनचे ऑइल अथवा साधे ग्रीज लावल्यास रबर फुगते आणि केलेले सर्व काम फुकट जाते. जुन्या सिलिंडरच्या अंतर्भागात नखाला जाणवेल असा खड्डा असेल तर होनिंग करून तो घालविण्याचा मोह आवरावा, कारण घासून व्यास वाढला की वायसर सैल बसतो. दुर्मिळ मोटारीच्या बाबतीत अशा सिलिंडरला स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची बाही बसवून मूळ व्यास पुन्हा साधणे हा उत्तम मार्ग आहे. त्याला खर्च आणि कुशल लेथ-कारागीर दोन्ही लागतात, परंतु मूळचे ओतकाम त्यामुळे वाचते.

नळ्यांविषयी आपल्याकडे फार बेपर्वाई आहे. मूळच्या पोलादी नळ्या चौकटीला चिकटून जेथे चिखल साचतो तेथे बाहेरून गंजतात, आणि त्यांच्या जागी शीतयंत्राच्या कामाची साधी तांब्याची नळी वाकवून बसविण्याचा प्रघात सर्रास दिसतो, कारण ती हाताने वाकते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. निव्वळ तांबे सततच्या कंपनाने ताठर होत जाते व टोकाच्या घडीशी चिरते. तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची नळी गंजतही नाही आणि चिरतही नाही; ती मिळवावी, न मिळाल्यास ब्रेकसाठीच बनविलेली पोलादी नळी घ्यावी, आणि टोके योग्य हत्याराने दुहेरी घडीची करून घ्यावीत. इटालियन वंशाच्या फियाटचे आटे मेट्रिक आणि इंग्रजी वंशाच्या अँबॅसेडरचे इंची, हा भेद ध्यानी न घेता पान्याच्या बळाने नट आवळणारा कारागीर पितळी जोडाचा कायमचा घात करतो. चाकाजवळच्या रबरी होजबद्दल एवढेच सांगावे लागेल की तो बाहेरून धडधाकट दिसत असतानाही आतून सुजलेला असू शकतो; मग पॅडलच्या दाबाने तेल पुढे जाते पण परत येत नाही, चाक जाम राहते, आणि मालक बिचारा शूच्या स्प्रिंगांना दोष देत बसतो. जुळणीच्या वेळी सर्व होज नवे घालावेत आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते पिळले किंवा टायरला घासले जात नाहीत ना, याची खातरजमा करावी.

ड्रम आणि शू यांचे काम दिसायला धटिंगण असले तरी त्यातही सूक्ष्मता आहे. ड्रम लेथवर टर्निंग करून घेताना त्याची पूर्ण गोलाई साधली पाहिजे, पण कारखान्याने आखून दिलेल्या कमाल व्यासापलीकडे जाता कामा नये. एका अक्षावरील दोन्ही ड्रम समान व्यासाचे असावेत, अन्यथा गाडी एका बाजूला ओढते. टर्निंगने ड्रमचा व्यास वाढला की जुन्या मापाच्या शूवरचे लायनर मध्यभागीच टेकते, म्हणून लायनरला ड्रमच्या वक्रतेप्रमाणे घासून घेण्याची जुनी पद्धत पुन्हा प्रचारात आणली पाहिजे. या घासण्याच्या कामी एक गंभीर इशारा देणे माझे कर्तव्य आहे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन वर्षांनंतर असाध्य रोग उत्पन्न करते हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे, ब्रिटनने १९९९ साली आणि युरोपीय संघाने २००५ पासून या द्रव्यावर बंदी घातली, पण आपल्या देशात ते सरसकट निषिद्ध नाही. जुना ड्रम काढल्यावर त्यातील काळी भुकटी हवेच्या नळीने फुंकरून उडविण्याची जी रीत गॅरेजोगॅरेजी दिसते ती कारागिराच्या जिवावर उठणारी आहे. भुकटी ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, आणि नवे लायनर अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असल्याचे विचारूनच घ्यावे. मिस्त्री ऐकत नसेल तर मालकाने स्वतः हे काम करावे.

प्रत्यक्ष जुळणीत क्रमाला महत्त्व आहे. गाडी जॅकवर नव्हे, भक्कम स्टँडवर घ्यावी. बॅकप्लेटच्या ज्या उंचवट्यांवर शू सरकतात तेथे उष्णता सोसणारे ग्रीज अगदी पुसट लावावे. डाव्या-उजव्या व्हील सिलिंडरांची अदलाबदल झाली तर एअर काढण्याचे निपल खाली येते आणि मग कितीही पॅडल मारले तरी वरची हवा निघत नाही; निपल नेहमी सर्वांत वर असले पाहिजे. एअर काढण्यापूर्वी शू ड्रमच्या जवळ आणून अ‍ॅडजस्ट करावेत, नाहीतर पॅडलचा सगळा प्रवास शू पसरविण्यातच खर्ची पडतो. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून जवळच्या चाकापर्यंत यावे. आणि जुना मास्टर सिलिंडर ठेवला असेल तर पॅडल कधीही तळापर्यंत दाबू नये, कारण नेहमीच्या वापरात वायसर जेथे पोहोचत नाही त्या गंजलेल्या भागावर तो पहिल्यांदाच जातो आणि फाटतो. काल ठीक असलेला सिलिंडर ‘एअर काढल्यावर’ गळू लागतो त्याचे रहस्य हेच. शेवटी पॅडलच्या दांड्यात एखाद-दोन मिलिमीटरची मोकळीक असल्याची खात्री करावी. ती नसेल तर दट्टा पूर्ण मागे येत नाही, तेलाला टाकीत परतण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते, आणि गाडी चार-पाच मैल जाऊन तापली की चारही चाके आपोआप आवळू लागतात. हँडब्रेक सर्वांत शेवटी जुळवावा. आधी जुळवला की त्याची तार मागच्या शूंना ओढून धरते आणि अ‍ॅडजस्टमेंट खोटी होते.

आता वादाचा मुद्दा : मूळचे ड्रम काढून डिस्क बसवावेत काय? तसे करणाऱ्यांचा युक्तिवाद सुरक्षिततेचा असतो आणि तो पोकळ नाही. परंतु डिस्कच्या कॅलिपरला अधिक तेल आणि अधिक दाब लागतो, म्हणजे मास्टर सिलिंडर बदलावा लागतो, व्हॅक्यूम सर्व्हो जोडावा लागतो. ड्रमच्या यंत्रणेत थोडा दाब मुद्दाम शिल्लक ठेवणारी झडप असेल तर ती काढावी लागते, नाहीतर डिस्क सतत घासत राहतात. पुढची पकड वाढल्यावर मागच्या चाकांचा हिशेब बिघडतो. आणि हे सर्व ज्या अरुंद टायरांवर आणि ज्या चौकटीवर टेकते ती १९६० सालचीच राहते. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल अशा फेरफारास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकपणे लावला; जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील ज्या वाहनांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देऊ केली, त्यांनी आपले मूळ रूप राखलेले असावे आणि त्यांत भारी फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. आंतरराष्ट्रीय संग्राहक-संघाची तुरीन सनदही हस्तक्षेप किमान असावा, परतवता येण्याजोगा असावा आणि त्याची नोंद ठेवावी, असाच दंडक घालते.

या सर्वांचा विचार करून माझे मत असे की, नीट टर्निंग केलेले ड्रम, योग्य वक्रतेचे लायनर, नवी रबरे, नव्या नळ्या आणि ताजे तेल एवढ्यावर डिलाइट किंवा अँबॅसेडर तिच्या स्वतःच्या वेगमर्यादेत समाधानकारक थांबते. डिस्कची मागणी बहुधा अशा मालकाकडून येते ज्याने मूळचे ब्रेक कधी नीट जुळलेले अनुभवलेलेच नाहीत. एका फेरफाराचा मात्र मी मनापासून पुरस्कार करतो, तो म्हणजे दुहेरी मास्टर सिलिंडर. साठच्या दशकातील बहुतेक मोटारींत चारही चाकांना तेल पुरविणारा एकच मार्ग असल्याने कोठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात. अमेरिकेने १९६८ पासून प्रवासी मोटारींना दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे केले ते याचसाठी. व्यासाचे गणित सांभाळून, चौकटीला नवे भोक न पाडता आणि मूळचा सिलिंडर तेल लावून जपून ठेवून हा बदल करता येतो, आणि ज्याला मोटार रस्त्यावर आणायची आहे त्याने तो तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व परिवहन कार्यालयात विचारून करावा.

राहिला प्रश्न ज्ञानाच्या वारशाचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, ऑपेरा हाउसच्या परिसरात आणि पुण्याच्या नाना पेठेत आजही असे दुकानदार व मिस्त्री आहेत, ज्यांना कोणत्या वर्षीच्या फियाटला कोणत्या व्यासाचे किट लागते हे तोंडपाठ आहे. परंतु हे ज्ञान कोठेही लिहिलेले नाही आणि टॅक्सी गेल्यावर त्यांच्या पुढच्या पिढीला ते शिकण्याचे प्रयोजनही उरलेले नाही. व्हिंटेज मोटारींच्या मंडळांना माझी विनंती आहे की रॅलीच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढून त्यांनी या कारागिरांकडे जावे, प्रत्येक भारतीय मोटारीच्या सिलिंडरांचे व्यास, ड्रमची कमाल मापे, नळ्यांचे आटे आणि शूच्या स्प्रिंगांची जागा यांची सचित्र नोंदवही मराठीत तयार करावी, आणि सांगणाऱ्या मिस्त्रीचे नाव प्रत्येक पानावर छापावे.